आग्रहाची साखर

“मास्तर, आमची कसम आहे तुम्हाला,” म्हणत यजमानांनी आमच्या ताटलीत मिठ्या खान्याची दुसरी पळी टाकली, तेव्हा आमची साखर निघून अकरा दिवस झाले होते. पहिली पळीही आम्ही मागितली नव्हती. ताटलीत बिर्याणी होती, वाटीत दालचा होता, आणि मीठा खाना खास आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा, त्याचा वास मंडपाबाहेरपर्यंत गेलेला. नको म्हणायला तोंड उघडलं, तर शेजारचे एक बुजुर्ग म्हणाले, “अकिक्याचं आहे, बरकतीचं आहे. नाही म्हणू नये.” आम्ही खाल्लं. घरी येऊन दोन तासांनी बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला ३१२.

(घरात ‘हम’ बोलायची सवय असल्यामुळं आमच्यातला एकटा माणूसही मराठीत ‘आम्ही’ होतो. वाचकांना हे नवं नाही.)

यजमानांवर राग नाही. त्यांनी जे केलं ते प्रेमानं केलं, आणि त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही हेच केलं असतं. आजवर कैक पाहुण्यांच्या ताटात आम्हीही पळ्या ओतल्या आहेत. काय खावं आणि काय खाऊ नये हे सांगणारे लेख आणि व्हिडिओ आता ढिगानं मिळतात. डॉक्टरांनीही कागदावर सगळं लिहून दिलं होतं. आमची अडचण खाण्याची नव्हती, खाऊ घालणाऱ्यांची होती. म्हणून या महिन्यात त्यावरच लिहायचं ठरवलं.

साखर निघाली दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी सुट्टीत. रात्री चार-चार वेळा उठावं लागायला लागलं, तेव्हा गडहिंग्लजला जाऊन रक्त दिलं. उपाशीपोटी १८६, आणि एचबीए१सी ८.४. हा दुसरा आकडा गेल्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज सांगतो. ५.७च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि ६.५पासून पुढं मधुमेह. आम्ही उंबरठा केव्हाच ओलांडून आत जाऊन बसलो होतो.

घरी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. आमचं वजन ६२ किलो, उंची साडेपाच फुटांच्या जरा वर. फुप्पी फोनवर हसल्याच. “तुझ्या अंगावर मांस कुठं आहे, म्हणून साखर होईल? लॅबवाल्यानं बाटली बदलली असेल.” मामूंनी सांगितलं, अशक्तपणा आहे, दूध-तूप वाढव. आणि जोवर घरच्यांना आजार खरा वाटत नाही, तोवर त्यांनी आधार द्यावा अशी अपेक्षा कशी करणार? त्यांच्या लेखी आपण नखरे करत असतो.

इथं आमच्या मदतीला आले पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. भेट नाही, ओळख नाही. त्यांचा एक फोटो कामी आला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची-वजनाच्या हिशेबानं दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत मात्र चरबी दुपटीहून जास्त. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास याज्ञिकांच्या गटानं १९९३पासून केला, त्यातही हेच दिसलं. आपली बाळं जन्मताना वजनानं कमी असतात, हातपाय काटक्या असतात, पण त्या मानानं चरबी टिकून असते. म्हणजे आपल्याकडं साखर व्हायला पोट सुटावंच लागतं असं नाही. आम्ही तो फोटो मोबाइलमध्ये ठेवला आणि अम्मींपासून फुप्पींपर्यंत सगळ्यांना दाखवला. फुप्पी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तुझे अब्बाही असेच होते.”

मरहूम अब्बा असेच होते. बारीक, ताठ, सायकलवर गावभर फिरणारे. त्यांची साखर निघाली तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. त्या दिवसापासून त्यांची हंडी वेगळी झाली. आम्ही सगळे दस्तरखानावर एका बाजूला मटणाचं सालन आणि भात खायचो, आणि त्यांच्यासमोर उकडलेला दोडका आणि दोन सुक्या भाकऱ्या असायच्या. अम्मी मायेनं करायच्या, पण त्या ताटाकडं बघवायचं नाही. अब्बा हळूहळू आमच्या आधी, एकटेच जेवायला लागले. मग कळलं, ते स्टँडवर जाऊन खातात. धुवायला टाकलेल्या कुर्त्याच्या खिशात भज्यांचा तेलकट कागद सापडायचा. अम्मी रडायच्या, आम्ही चिडायचो, ते गप्प बसायचे. आधी पायाची दोन बोटं गेली, मग किडन्या. शेवटची दोन वर्षं डायलिसिसच्या फेऱ्यांत गेली. आज वाटतं, सुरुवातीच्या त्या दहा वर्षांत त्यांच्या ताटात काय होतं यापेक्षा ते ताट एकटं होतं, हे जास्त महागात पडलं.

आणि तरीही आमची साखर निघाल्यावर आमच्या घरात काय झालं? दुसऱ्याच दिवशी बेगमनी वेगळी हंडी चढवली.

त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या घरांत ‘परहेज’ म्हणजे हेच असतं. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळं शब्दांत अडकायची आम्हाला खोड आहे, माफ करा. परहेज म्हणजे दूर राहणं, टाळणं. मराठीत त्यालाच ‘पथ्य’ म्हणतात, आणि त्यात ‘पथ’ आहे, वाट आहे. जे वाटेला धरून आहे ते पथ्य. आमच्या घरात सगळं बोलणं परहेजचं चालायचं. हे बंद, ते बंद, याला देऊ नका, त्याच्यासमोर ठेवू नका. खायचं काय आणि कुणाबरोबर, यावर कुणी बोलत नव्हतं.

तीन आठवडे दोन हंड्या चालल्या. बेगम सकाळी मुलांचे डबे, आमचा डबा, अम्मींसाठी मऊ भात आणि आमची वेगळी भाजी करून, सगळ्यांच्या मागून उरलेलं खाऊन उठायच्या. आणि आम्ही? एका रात्री सगळे निजल्यावर फडताळातला डबा काढून बालुशाही खात उभे होतो. पाणी प्यायला उठलेली मुलगी दारात आली. ती नववीत आहे. तिनं बघितलं, पाणी प्यायली आणि काही न बोलता गेली. त्या क्षणी अब्बांच्या कुर्त्याचा खिसा डोळ्यांसमोर आला. या लेखात लिहायला जड जावं अशी ही एकच गोष्ट आहे, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते घरात सगळ्यांसमोर सांगितलं. बेगमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मीही सांगते. आजपासून दोन हंड्या मी करणार नाही. एक करीन. ती सगळ्यांनी खायची.” मुलगा कुरकुरला. अम्मी म्हणाल्या, “एकाच्या आजारानं सगळ्यांनी का उपाशी राहायचं?” त्यावर बेगमचं उत्तर आम्हाला आजही आठवतं. “उपाशी कोण राहतंय? डॉक्टरांच्या कागदात असं काय लिहिलंय, जे मुलांनी खाऊ नये?”

कागदात खरंच तसं काही नव्हतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सगळ्याच भारतीयांसाठी जे ताट सांगितलंय, तेच थोड्याफार फरकानं त्यात होतं: निम्मं ताट भाज्या आणि फळं, उरलेल्या निम्म्यात धान्य, आणि डाळ, अंडी, मटण, दूध. मधुमेहाच्या माणसाचं जेवण म्हणजे धडधाकट माणसानं जेवायला हवं ते जेवण. आमच्या घरात उलटं होतं. निम्म्याहून जास्त ताट भाताचं, त्यावर सालन, आणि भाजी म्हणजे लिंबू-कांद्याची फोड.

एक हंडी झाल्यावर काय बदललं ते थोडक्यात. पाच माणसांना महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा लागायचा, आता तीन लिटर पुरतं. सालनावरचा लाल तवंग गेला. चव गेली नाही, कारण कांदा-खोबरं भाजलेलं तेच आहे. मटण बंद झालेलं नाही, चरबी काढून घेतो आणि त्याच हंडीत दुधी किंवा शेवग्याच्या शेंगा पडतात. आजऱ्याच्या बाजारात पालेभाजीला तोटा नाही. मेथी, पोकळा, चाकवत, आणि पावसाळ्यात टाकळा. भात गेला नाही, पण आधी भाजी आणि सालन, भात शेवटी, एक वाटी. ज्या गावच्या तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावात राहून भात सोडा म्हणणं हा जुलूम आहे, आणि जुलूम फार दिवस चालत नाही.

एक सावधगिरी. आमच्या भागात नाचणी आणि गूळ यांच्यावर लोकांचा आंधळा विश्वास आहे. नाचणीची भाकरी चांगली, तिच्यात चोथा आहे, कॅल्शियम आहे. पण तीही पिठाचीच आहे, चार खाल्ल्या तर साखर चढणारच. आणि नाचणीच्या पातळ खिरीत गूळ घालून “हे साखरेवाल्यांना चालतं” म्हणून पुढं करतात, ते चालत नाही. कोल्हापुरी गूळ कितीही नावाजलेला असो, रक्तात गेल्यावर तो साखरच होतो. खजुराचं आणि मधाचंही तेच. सुन्नत म्हणून एक खजूर खावा. सुन्नतीच्या नावावर सात खाऊ नयेत.

अम्मींचं काम सगळ्यांत अवघड होतं. त्यांना वाटायचं, सुनेनं मुलाला माझ्या हातचं खाण्यापासून तोडलं. ईदला आम्ही शीरखुर्म्याची वाटी बाजूला सरकवली, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण दिवसभर जेवल्याही नाहीत. आईच्या हातचं नाकारणं म्हणजे आईला नाकारणं, असा आपल्याकडचा हिशेब. आम्ही तिथं चुकलो होतो. सगळं ठरवून झाल्यावर आम्ही अम्मींना फक्त नियम सांगितले होते, काम काहीच दिलं नव्हतं.

मग आम्ही त्यांना म्हणालो, “अम्मी, घरातल्या गोडाचं खातं तुमच्याकडं. कधी करायचं, किती करायचं, मला किती द्यायचं, तुम्ही ठरवा. तीन महिन्यांनी रिपोर्ट येईल तो तुम्हालाच दाखवीन.” आणि शब्दांची खोड इथं उपयोगाला आली. आम्ही म्हणालो, शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. या नावात साखर कुठं आहे? अम्मी हसल्या. पुढच्या ईदला त्यांनी शीरखुर्म्यात वरून साखर घातलीच नाही. दूध आटवलं, शेवया निम्म्या केल्या, खजूर, बदाम आणि चारोळी घातली, आणि आम्हाला चहाच्या छोट्या पेल्यात दिला. पेला त्यांनीच निवडला. आता कुणी पाहुणा आम्हाला गोडाचा आग्रह करू लागला, तर अम्मी आमच्या आधी बोलतात. त्यांच्यासमोर कुणाची टाप नाही.

घराबाहेरचं मात्र महिनाभर सुटत नव्हतं. शिक्षकाला दिवसात किती चहा होतात याचा हिशेब एकदा मांडला. स्टाफरूममध्ये दोन, पालकांच्या घरी एक, इशानंतर चौकात मित्रांबरोबर एक. चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, जवळजवळ ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आमची फक्त चहातच दीडपट होत होती.

मित्र किती महत्त्वाचे असतात याची मोजदादही झालेली आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८पासून लोकांच्या तब्येतीची नोंद ठेवली जाते. निकोलस क्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी त्यातल्या १२,०६७ माणसांची ३२ वर्षांची नोंद तपासून २००७ साली लिहिलं की, एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला, तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. भावंडांत हा आकडा ४०, नवरा-बायकोत ३७. इतर संशोधकांनी या हिशेबावर शंकाही घेतल्या. सारख्या सवयीची माणसंच एकमेकांचे मित्र होतात, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही खरं असेल. आमच्या चौकातल्या टोळीकडं बघितलं तर दोन्ही पटतं.

त्या टोळीत चौघं. एक काजूचा कारखाना चालवतात, एक रिक्षावाले, एक आमच्याच शाळेतले मराठीचे सर, आणि आम्ही. आम्ही त्यांना म्हणालो, सहानुभूती नको, एक काम करा. चहावाल्याला माझा चहा बिनसाखरेचा सांगायचा, मी विसरलो तरी. आणि फजरनंतर मला हाक मारायची. गंमत अशी की ‘तब्येतीची काळजी घे’ म्हणणारे शंभर भेटले, पण काय करायचं हे नेमकं सांगितल्यावर या तिघांनी ते केलं. रिक्षावाले नमाजनंतर दारात उभे राहून हॉर्न वाजवतात. शेजारी वैतागलेत, पण चालणं चुकत नाही. सर पुलापाशी येऊन मिळतात. मग हिरण्यकेशीच्या काठाकाठानं रामतीर्थाच्या बाजूला आणि परत. मोठ्या रस्त्यानं चालणं आता शक्य नाही, गाड्या अंगावर येतात.

काजूवाले मित्र काही काळ डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीनं जात होते. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, दिवसात फक्त दोनदा, कडकडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधे काही नाही, आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी याची लाटच आली होती. ते सगळ्यांना मानवतं का, हा वाद डॉक्टरांचा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यानं विचारल्याशिवाय जेवण चुकवलं तर साखर एकदम खाली येऊन चक्कर येते, हे मात्र लक्षात ठेवावं. आम्हाला त्यात वेगळीच गोष्ट दिसली. लोकांचे व्हॉट्सअॅप गट होते, एकमेकांना आकडे कळवायचे, नवरा-बायको मिळून करायचे. आणि यजमानाला एका वाक्यात सांगता यायचं: “मी दोनदाच जेवतो.” यजमान पुढं आग्रह करत नसे.

हे ऐकताना डोक्यात लख्ख झालं. अरे, हे तर आपल्याला आधीपासून येतं! रमजानमध्ये आपल्याकडं कुणी रोजेदाराला खायचा आग्रह करतो का? तोच मित्र, जो शव्वालमध्ये कसम घालून पळी ओततो, तो रमजानमध्ये रोजेदारासमोर पाण्याचा ग्लाससुद्धा झाकतो. त्याचा स्वभाव बदललेला नसतो. फरक इतकाच की रोज्याचा अर्थ त्याला कळलेला असतो, आणि त्या ‘नाही’मध्ये त्याचा अपमान नसतो. दावतीतली ‘नाही’ त्याला लागते, कारण ती ताट समोर आल्यावर, चार लोकांत, त्याच्या पदार्थावर बोट ठेवून येते.

तेव्हापासून आम्ही दावतीच्या आदल्या दिवशी फोन करतो. “येणार आहे, दुआ करणार आहे, पोटभर बसणार आहे. फक्त मला साखरेचा त्रास आहे, तर मला वाढायला अमुक भाचा ठेवा आणि गोड वाढू नका.” वाढणाराच सांगितलेला असला की अर्धं काम होतं. दस्तरखानावर आपल्या बाजूचं खायचं, थोडं घ्यायचं, कशाला नावं ठेवायची नाहीत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. हजरत मुहम्मद (स.) यांनी कधी अन्नाला नावं ठेवली नाहीत, आवडलं तर खात, नाही तर राहू देत, हे आम्हीच वर्गात सांगत आलो. पोटाच्या तीन भागांची हदीसही आपल्या सगळ्यांना पाठ आहे. दावतीत मात्र पाण्याचा आणि श्वासाचा भागही बिर्याणीलाच जातो.

रोज्यांबद्दलही सांगायला हवं, कारण पहिल्या रमजानला आम्ही मूर्खपणा करणार होतो. गोळी आपल्या मनानं इफ्तारला सरकवायची असं ठरवून बसलो होतो. बेगम दीड महिना आधी डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या आणि सांगितलं, साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली, तर रोजा सोडायचा, मग्रिबला दहा मिनिटं उरली असली तरी. बोटाचं रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलमा सांगतात. तरी मनात किंतु असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावं. आजाऱ्याला सवलत दिलेली आहे, ती घेणं हा कमीपणा नाही. त्या रमजानमध्ये आमचे तीन रोजे सुटले. मुलाला ते कसं समजावायचं याची आम्हाला चिंता होती, तोच म्हणाला, “अब्बा, मशीन आणू का?” इफ्तारला भजी आठवड्यातून एकदा, जुम्म्याला, असं मुलांनीच ठरवलं. सरबताच्या लाल बाटलीवरून मात्र घरात अजून भांडण आहे.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं कुणी समजू नये. एचबीए१सी ८.४वरून ७.१ झालं, मग लग्नसराईत परत ७.६ झालं, आता ६.९ आहे. गोळी चालू आहे. खाणं सुधारलं म्हणून मनानं गोळी बंद केलेले दोघं आमच्या ओळखीत आहेत, दोघांनाही पुढं त्रास झाला.

खरा धक्का दुसरीकडून बसला. दुसऱ्या तपासणीच्या वेळी लॅबमधल्या मुलीनं सहज विचारलं, “मॅडमची केली का कधी?” कधीच केली नव्हती. सगळ्यांच्या मागून उरलेला भात खाणाऱ्या, सगळ्यांची पथ्यं सांभाळणाऱ्या बेगमची एचबीए१सी ६.१ निघाली. उंबरठ्यावर. घरात एकाला साखर आहे म्हणून पाच माणसं दोन वर्षं धावत होती, आणि जी सगळ्यांत जास्त धावत होती तिचं रक्त तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३च्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर, असा अंदाज आहे. त्या १३.६ कोटींत आपल्या स्वयंपाकघरातल्या किती बाया असतील, ज्यांनी अजून बोट टोचलेलं नाही?

उंबरठ्यावरून मागं फिरता येतं, ही मात्र चांगली बातमी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं अशा ५३१ भारतीयांवर अभ्यास करून २००६ साली दाखवलं की, नुसतं खाणं सुधारून आणि चालणं ठेवून मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिनच्या गोळीनंही जवळपास तेवढाच झाला. आता बेगम सगळ्यांबरोबर जेवायला बसतात. वाढायचं काम मुलगा आणि मुलगी आलटून पालटून करतात. पहिल्या दिवशी मुलानं सालन सांडलं आणि आजीचं बोलणं खाल्लं. अस्रनंतर बेगम, शेजारच्या भाबी आणि त्यांची नणंद अशा तिघी फिरायला जातात. सुरुवातीला गावात कुणीतरी “या कुठं निघाल्या रोज रोज?” असं विचारलं होतं. आता त्या सात जणी आहेत आणि कुणी विचारत नाही.

मागच्या महिन्यात त्याच यजमानांकडं, कसम घालणाऱ्यांकडं, त्यांच्या पुतण्याचा वलिमा होता. आम्ही फोन करायच्या आत त्यांचाच आला. “मास्तर, तुमच्यासाठी कोशिंबीर वेगळी ठेवलीय. गोड तुमच्याकडं फिरकणार नाही.” जेवणं झाल्यावर मंडप रिकामा झाला तेव्हा ते आमच्या शेजारी येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलले. मग हळू आवाजात म्हणाले, “ते मशीन आहे का जवळ? रात्री फार उठावं लागतंय हल्ली.”

मशीन होतं. आम्ही त्यांचं बोट पुसलं, सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला. आकडा २६८ आला. आम्ही म्हणालो, ही जेवणानंतरची आहे, उद्या उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त द्या, मग डॉक्टरांना भेटू, मी येतो बरोबर. ते मान हलवत राहिले. मग मंडपाच्या आतल्या बाजूला तोंड करून त्यांनी बायकोला हाक मारली, “जरा इकडं या. आणि तुम्हीही हात धुऊन या.”